चौथा काटा

मुलगी नोकरीसाठी लंडनला गेल्यापासून ‘तिकडे आता किती वाजले असतील?’ हा प्रश्न मी दिवसातून किमान चार वेळा विचारतो. फेब्रुवारीत आम्ही उभयता तिच्याकडे जाणार असल्याने, चोवीस तासांत एकच फेरी मारून दुसऱ्या देशाची वेळ दाखवणारा चौथा काटा असलेले यांत्रिक घड्याळ घ्यावे, असे मी ठरवले. अंदाज ४० हजारांचा होता आणि तो अद्याप घरात जाहीर झालेला नव्हता.

तीन आठवड्यांच्या अभ्यासात या घड्याळांच्या दोन जाती असल्याचे कळले. सेइको कंपनीच्या ४आर३४ यंत्रात किल्ली फिरवली की चौथा काटा एकेक तासाची उडी मारतो, तर मियोटा कंपनीच्या ९०७५ मध्ये नेहमीचा तासकाटा उडी मारतो. पहिली जात घरी बसून परदेशी फोन करणाऱ्यांची, दुसरी विमानाने हिंडणाऱ्यांची. वर्षातले ३५० दिवस घरी बसणाऱ्या मला अर्थातच दुसरी हवी होती, पण लक्ष्मी रोडवरच्या दुकानात पहिली निघाली. दिवसाला ३५ सेकंद मागे किंवा ४५ सेकंद पुढे जाण्याची मुभा तिला कंपनीनेच दिलेली आहे, म्हणजे महिन्याला सुमारे बावीस मिनिटे. आणि शुक्रवारी रात्री नऊला काढून ठेवली तर ४१ तास चालून ती रविवारी दुपारच्या झोपेच्या वेळी स्वतःही झोपते. हे सर्व मी मोठ्या मनाने पत्करले.

सकाळचे ११:४० झाले होते, लंडनला ६:१०. मी किल्ली फिरवली. चौथा काटा ५:४० वर थांबला; पुन्हा फिरवली, तो थेट ६:४० वर गेला. मिनिटकाटा दोन्ही देशांना मिळून एकच, त्यामुळे ६:१० त्याच्या नशिबातच नव्हते.

“काका, अर्धा तास मनात मिळवायचा,” विक्रेता मुलगा समजुतीने म्हणाला.

मनातच मिळवायचा, तर मग साडेपाच वजा करायला काय हरकत होती? दुबईशी दीड, सिंगापूरशी अडीच; १९०६ पासून हा अर्धा तास आपल्या मानगुटीवर बसलेला आहे. मुंबईकरांनी तर त्याहूनही ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. त्यांना त्या मुलाने मनात किती मिळवायला सांगितले असते, या विचाराने मला जरा बरे वाटले.

रात्री साडेनऊला जेवताना वडिलांचे जुने एच.एम.टी. नेहमीप्रमाणे काढून ताटाशेजारी ठेवले. त्याच्या तबकडीवर आकडे नाहीत, नुसत्या रेघा आहेत. समोरून सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, तिकडे चार वाजले. लावा फोन.”

“तुला कसे कळले?”

“ऑक्टोबरअखेरीस त्यांची घड्याळे मागे गेली, तेव्हापासून अशीच बघते. माझ्या बाजूने हे उलटे दिसते ना.”

मी घड्याळ उलटे धरले. मिनिटकाटा बारावर होता, तासकाटा तीन आणि चारच्या बरोबर मध्ये.

“आणि ते दुकानातले कितीला आहे म्हणालात?”

मी फोन लावला.