"न विचारता डिस्क बदलल्या" या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. गाडी ठरलेल्या दिवशी संध्याकाळी मिळाली नाही, तुमचा खोळंबा झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण "पुढचे ब्रेक पॅड बदलायला दिली होती, यांनी न विचारता दोन्ही डिस्क बदलून बिल फुगवलं" हे तुम्ही लिहिलंत ते फार जिव्हारी लागलं. उशीर झाला म्हणा, ऐकून घेईन. महाग वाटलं म्हणा, तुमचा हक्क आहे. पण न विचारता? नाही साहेब.

सकाळी गाडी घेताना आम्ही फक्त पॅडचंच बोललो होतो, हे खरं आहे. चाक न काढता बघितलं तर बाहेरचाच पॅड दिसतो. चाक काढल्यावर कळलं की डावीकडचा बाहेरचा पॅड निम्मा शिल्लक आहे आणि आतला संपून त्याचा पत्रा थेट डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीला, घासतोय. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना जाम झाल्या की असंच होतं. कॅलिपर सरकत नाही आणि पिस्टनच्या बाजूचा, म्हणजे आतला, पॅड एकटाच झिजत जातो. डिस्कवर नख अडकेल अशा चरा पडल्या होत्या. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली होती, 20 मिमी. आमच्या मायक्रोमीटरवर 19.2 आली. अशा डिस्कवर नवे पॅड बसवून मी गाडी रस्त्यावर सोडायची होती का? आणि एकाच बाजूची बदलली असती तर ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडे ओढू शकते, म्हणून डिस्क जोडीनेच बदलतात.

हे सगळं दिसल्यावर मी स्वतः तुम्हाला फोन केला. उचलला गेला नाही, कामात असाल. परत केला. मग चरांचा फोटो, मायक्रोमीटर लावलेला फोटो आणि डिस्कच्या किमतीसकट नवा अंदाज व्हॉट्सॲपवर पाठवला आणि काम थांबवलं. गाडी चाकं काढलेली तशीच उभी होती, ती जागा दुसऱ्या गाडीला देता आली नाही. दुपार उलटल्यावर तुमचं उत्तर आलं, "ठीक आहे, करून टाका, पण गाडी आजच पाहिजे." तो मेसेज माझ्या फोनमध्ये आहे, तुमच्याही असेल, जरा वर जाऊन बघा. इथे स्क्रीनशॉट टाकत नाही, तुमचा नंबर चारचौघांत जायला नको.

तोवर तुमच्या मॉडेलची ओरिजिनल जोडी त्याच दिवशी मिळेना, ती दुसऱ्या दिवशी आली. लोकल डिस्क बसवून संध्याकाळी चावी हातात ठेवता आली असती. ब्रेकच्या कामात मी ते करत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

ब्रेक मऊ लागतात असंही लिहिलंय. नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसायला साधारण 200-300 किमी लागतात, तोवर जोराचे ब्रेक टाळायचे. गाडी न्यायला तुमचा ड्रायव्हर आला होता, त्याला सांगितलं होतं.

"विश्वासू मेकॅनिक शोधत असाल तर इकडे फिरकू नका," ही तुमची शेवटची ओळ आता सगळ्यात वर दिसते. आमचं हातावर पोट आहे. जाहिरात नाही, एकाने दुसऱ्याला सांगितलं की गाडी येते, आणि येणारा माणूस आधी हेच वाचतो. ज्या मुलाने तुमच्या पिना साफ करून ग्रीस भरलं, त्यानेही वाचलं. विश्वासू मेकॅनिक शोधणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की अंदाज बदलला तर तो थांबून विचारतो का आणि काढलेला पार्ट परत देतो का, ते बघा. आम्ही दोन्ही केलं.

वेळेच्या बाबतीत यापुढे जास्त लक्ष देऊ, फोनचंही काहीतरी नीट बसवतो.

तुमच्या जुन्या डिस्क आणि पॅड डिकीत स्टेपनीजवळ पिशवीत ठेवले आहेत. कुठल्याही दुसऱ्या मेकॅनिककडून जाडी मोजून घ्या. आणि ब्रेक अजूनही मऊ वाटत असतील तर वाट न बघता गाडी घेऊन या, मी स्वतः ट्रायल मारून तपासतो. त्याचे पैसे घेणार नाही.