‘लिनक्सची लायब्ररी कुठल्याही लिनक्सवर चालते’ हे खरं नाही

कंटेनर (प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या फाइलींचा एकत्र गठ्ठा) लहान करायचा विषय निघाला की एक सल्ला हमखास फिरतो: ‘विक्रेत्याने लिनक्सची एसओ फाइल (तयार बांधलेली लायब्ररी) दिलीय ना? मग ती कुठेही चालणार. अल्पाइनवर अडलीच तर सिमलिंक मारा नाहीतर जीकॉम्पॅट टाका, काम झालं.’ अल्पाइन म्हणजे कंटेनरसाठी वापरलं जाणारं छोटं लिनक्स, सिमलिंक म्हणजे फाइलीकडे बोट दाखवणारं दुसरं नाव, आणि जीकॉम्पॅट म्हणजे इतर लिनक्ससाठी बांधलेले प्रोग्रॅम अल्पाइनवर चालवायला मदत करणारं पॅकेज. सोर्स हातात नसलेल्या विकतच्या लायब्ररीसाठी हा सल्ला घातक आहे.

‘लिनक्स म्हणजे लिनक्स.’ कर्नल एकच, मान्य. पण लायब्ररी बोलते ती मुख्यतः सी लायब्ररीशी, म्हणजे मेमरी, फाइली यांसाठीची मूलभूत फंक्शन्स पुरवणाऱ्या थराशी. उबुंटूवर ती जीलिबसी, अल्पाइनवर २०१४ पासून मसल. विक्रेत्याच्या लायब्ररीसोबत आलेलं लायसन्स तपासायचं टूल अल्पाइनवर चालवून बघा. एलएसने यादी काढली तर फाइल समोर दिसते आणि चालवली की शेल म्हणतो, फाइल सापडली नाही. सापडत नसतो तो त्या फाइलीत नाव कोरलेला जीलिबसीचा लोडर, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याच्या लायब्ररी मेमरीत चढवणारा भाग. हे माहीत नसलेला माणूस तासन्‌तास पाथच तपासत बसतो.

‘जीलिबसी असली की प्रश्न मिटला.’ जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलट चालेलच असं नाही. उबुंटू २२.०४ वर जीलिबसी २.३५ आहे, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ वर २.२८. थ्रेड (प्रोग्रॅमच्या आत समांतर चालणारं काम) सुरू करणाऱ्या साध्या फंक्शनवरही २.३४ पासून नव्या आवृत्तीचा शिक्का बसतो. त्यामुळे पहिल्यावर बांधलेली आणि थ्रेड वापरणारी लायब्ररी दुसऱ्यावर लोडच होत नाही. निदान तिथे एरर तरी स्पष्ट येते.

‘लोड झाली म्हणजे चालली.’ मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. मसल तो शिक्का बघत नाही, नाव जुळलं की जोडून मोकळी होते. खरी गडबड पुढे असते. नव्या थ्रेडला जीलिबसीवर सहसा ८ एमबी स्टॅक (फंक्शनच्या तात्पुरत्या डेटाची जागा) मिळतो, मसलवर १२८ केबी. समजा, लायब्ररीच्या आतल्या एखाद्या फंक्शनने २५६ केबीचा बफर स्टॅकवर घेतला. छोट्या इनपुटला त्या वाटेने कोणी जात नाही, सगळ्या टेस्ट पास होतात. मोठी फाइल आली की सेगफॉल्ट होऊन प्रोग्रॅम कोसळतो, तोही प्रॉडक्शनमध्ये. आपला प्रोग्रॅम लिंक करताना स्टॅकचा आकार वाढवता येतो, हे खरं. पण कारण स्टॅकच आहे हे आधी कळायला हवं ना! शिवाय मसलवर डीएलक्लोज (लोड केलेली लायब्ररी सोडून देणारं फंक्शन) ती लायब्ररी मेमरीतून काढतच नाही. प्लगइन काढून पुन्हा लोड केला की त्याची ग्लोबल स्थिती कोरी होईल, या भरवशावर लिहिलेला कोड तिथे फसतो. जीकॉम्पॅट मुख्यतः नसलेली फंक्शन्स पुरवतं, असलेल्यांची वागणूक सहसा तशीच राहते.

‘स्टॅटिक लिंक करा.’ विक्रेत्याची ए फाइलही (प्रोग्रॅममध्येच मिसळायची लायब्ररी) सहसा जीलिबसीच्या हेडरवरच बांधलेली असते. अल्पाइनवर ती मसलशी जोडली की प्रश्न तोच राहतो.

म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून लेखी घ्या: लायब्ररी जीलिबसीच्या किमान कुठल्या आवृत्तीवर चालते, आणि मसलसाठी वेगळा बिल्ड आहे का. नसेल तर डेबियनची स्लिम इमेज घ्या. ती अल्पाइनपेक्षा मोठी आहे, पण क्रॅश झाल्यावर विक्रेत्याचा सपोर्ट तुमचं तिकीट ‘असमर्थित प्लॅटफॉर्म’ म्हणून सहजासहजी बंद तरी करणार नाही.