आयडलला प्रेशर ओके म्हणजे पंप ओके, असं नसतं

दादा, कमेंट दोनदा वाचली, उत्तर जरा लांबतंय, सांभाळून घ्या. फुल बूस्टला फ्युएल प्रेशर का पडतं यावरच्या माझ्या पोस्टवर तुमचं म्हणणं असं की आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) गेजवर ३ बार येतंय तर फ्युएल पंप (टाकीतून इंजिनाला पेट्रोल ढकलणारा) ठणठणीत आहे, आणि टर्बो बसवलेल्या गाडीत प्रेशर पडतच असेल तर सरळ मोठा पंप टाकून मोकळं व्हायचं, मी वायरिंगचं पुराण उगाच लावलं. शिवाय रिटर्न पाइपवरून तुम्ही सुनावलंत, ते मात्र पूर्ण मान्य, त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी आयडल. रिटर्नवाल्या सिस्टीममध्ये आयडलला इंजिन पेट्रोल पितं किती? अगदी थोडं. पंप जेवढं ढकलतो त्यातलं बहुतेक सगळं रेग्युलेटरमधून (प्रेशर ठरावीक ठेवणारा भाग) परत टाकीत जातं, त्यामुळे अर्धमेला पंपसुद्धा तिथे छान आकडा दाखवतो. आणि खरं सांगू का, तुमचा तो ३ चा आकडा बघूनच मला शंका आली. बेस प्रेशर (व्हॅक्यूम पाइप काढून दिसणारं) ३ बार आणि रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप (इंजिनात जाणाऱ्या हवेचं प्रेशर रेग्युलेटरला कळवतो, ते जेवढं कमी-जास्त तेवढं पेट्रोलचं प्रेशर कमी-जास्त) जागेवर असेल तर आयडलला २.४-२.५ च्या आसपास दिसायला हवं. पूर्ण ३ दिसतंय म्हणजे एक तर बेस वर सेट केलाय, किंवा कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एवढा तगडा आहे की व्हॅक्यूमच नीट बनत नाही, नाहीतर तो पाइप निघालाय किंवा चिरलाय. आणि चिरला असेल तर बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचं प्रेशर) रेग्युलेटरपर्यंत पोचणारच नाही, प्रेशर वर चढणार नाही, आणि शिव्या खाणार बिचारा पंप. इंजिन बंद करून आधी तो पाइप काढून बघा, आत पेट्रोल लागलं तर रेग्युलेटरचा डायफ्राम फाटलाय.

आता मोठ्या पंपाचं. तो मी आधीच टाकून बघितलाय, म्हणून तर एवढं लिहिलं. माझा बूस्ट ०.८ बार, बेस ३, म्हणजे फुल बूस्टला रेलवर (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरना पेट्रोल देणारा पाइप) ३.८ पाहिजे. नवीन पंप टाकूनही लॉगमध्ये ४५०० आरपीएमच्या पुढे ३.१ च दिसत होतं. आता नुसता आकडा बघितला तर ३.१ काही वाईट वाटत नाही, पण इंजेक्टरच्या तोंडाशी ०.८ बारची हवा उलटी रेटत असते ना, मग इंजेक्टरला खरा फरक मिळाला २.३ चा. फ्लो या फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणजे सुमारे १२ टक्के पेट्रोल कमी, आणि तेही नेमकं फुल लोडला, जिथे मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) झालं की पिस्टनच जातो. म्हणून मी प्रेशरचा आकडा बूस्टच्या आकड्याशिवाय वाचतच नाही.

मग गाडी डायनोवर (गाडी जागेवरच लोडवर चालवून मोजायचं मशीन) चढवली, मल्टीमीटरच्या लांब वायरी थेट पंपाच्या कनेक्टरवर लावून पुढच्या सीटपर्यंत ओढल्या. फुल लोडला बॅटरीवर १३.९ व्होल्ट, पंपावर ११.३. अडीच व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच गायब! मागची सीट उचलून कनेक्टर सोडवला तर एक पिन तपकिरी पडलेली आणि तिच्याभोवतीचं प्लास्टिक मेणासारखं बसलेलं. जुना पंप ७ अँपिअरच्या आसपास खेचायचा, नवीन १३, आणि वायर तीच कंपनीची बारीक, म्हणजे मोठा पंप टाकून मी ड्रॉप जवळपास दुप्पट करून ठेवला होता. व्होल्टेज पडलं की मोटर हळू फिरते, मोटर हळू फिरली की फ्लो पडतो, विषय संपला.

बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज, वेगळा रिले आणि नवीन अर्थ (अर्थ विसरू नका, निम्मा ड्रॉप तिथेच सापडतो कधीकधी) एवढं केल्यावर पंपावर १३.४ आले. प्रेशर ३.५. तरी ०.३ कमी! शेवटी टाकी उघडली तर पंपाच्या वरचा होजचा तुकडा क्लॅम्पखाली उभा चिरलेला, म्हणजे निम्मं पेट्रोल टाकीतल्या टाकीत फिरत होतं. पंप बसवताना साधा फ्युएल होज लावला होता, तो आतून पेट्रोल सहन करतो पण पेट्रोलमध्ये बुडवून ठेवला की बाहेरून फुगतो. टाकीत ३०आर१० मार्किंगचाच होज लागतो. तो टाकला आणि ३.८ सरळ रेषेत.

आता रिटर्न पाइप. 'रिटर्न चिमटून बघा, प्रेशर चढलं तर पंप चांगला' एवढंच मी लिहिलं होतं आणि तुम्ही म्हणालात हे धोकादायक आहे. बरोबर आहे, माझी चूक. रिटर्न पूर्ण बंद झाला की प्रेशर झटक्यात बेसच्या दुपटीवरही जाऊ शकतं, आणि जुना होज गरम इंजिनवर सुटला तर आगच. ते वाक्य मी काढून टाकलंय, त्याऐवजी रिटर्नचं पेट्रोल इंजिन थंड असताना भांड्यात घेऊन मिनिटाला किती लिटर येतं ते मोजायचं असं लिहिलंय, शेजारी फायर एक्स्टिंग्विशर ठेवून.

तुमच्या गाडीचं व्हॅक्यूम पाइप काढून आयडलचं प्रेशर, फुल बूस्टला प्रेशर आणि बूस्ट दोन्ही, आणि त्याच वेळी पंपावरचं व्होल्टेज, एवढं इथे टाका. पंप तोपर्यंत घेऊ नका.