कन्येला काना नको

नाव ठरवताना मुलीकडे बघू नका. एकदा का ती जांभई देताना दिसली, की तुमच्या डोक्यात नाही नाही ती नाजूक नावं यायला लागतील आणि सगळा बेत फिसकटेल. तिला दुसऱ्या खोलीत झोपवा, दार लोटून घ्या आणि वही काढा.

वही तुमच्याकडे असणारच. आठव्या महिन्यातच आखलेली. डाव्या रकान्यात मुलाची नावं, मोजून चौदा. वळणदार अक्षर, तीन नावांखाली रेघ आणि 'विक्रम'भोवती गोल. उजव्या रकान्यात मुलीची नावं, म्हणजे एकच शब्द: 'बघू'. तो गोल करायला काय काय सोसलंय, ते तुमचं तुम्हाला माहीत. आजोबा रुसले होते, आत्याला तेच नाव तिच्या मुलासाठी हवं होतं, एकदा तर जेवणाच्या ताटावरून उठाउठी झाली. आता केवळ मुलगी झाली म्हणून एवढी मेहनत पाण्यात घालायची? अजिबात नको. मुलगा नाही तर नाही, नाव तरी वापरून होईल.

हे कारण मात्र बाहेर कुणाला सांगू नका. बाहेर 'समानता' म्हणा. ऐकणारा मान डोलावतो आणि पुढचा प्रश्न विचारत नाही. विचारलाच, तर एक अभ्यास तोंडावर फेकायला ठेवा. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या स्त्री वकिलांच्या नावांचा हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की नाव जितकं पुरुषी, तितकी ती बाई न्यायाधीश होण्याची शक्यता जास्त. बघा, किती स्वस्तात काम होतंय. कायद्याचं शिक्षण वगैरे नंतरच्या गोष्टी. निवड करणाऱ्यांच्या डोक्यात काय गडबड आहे, ते शोधत बसण्यापेक्षा मुलीच्या नावात दुरुस्ती करणं केव्हाही सोपं. मेरी अ‍ॅन इव्हान्स नावाच्या इंग्रज लेखिकेला जॉर्ज एलियट हे नाव मोठेपणी स्वतः शोधावं लागलं होतं. तुमच्या लेकीचा तेवढा त्रास तरी वाचेल.

नाव निवडताना धरसोड नको. किरण, शीतल असली दोन्ही डगरींवर पाय ठेवणारी नावं चालणार नाहीत. त्यात पराक्रम कसला? मराठीत किरण हा शब्द पुल्लिंगी, सूर्याचा तो किरण, पण एकाच वर्गात दोन किरण असतात, त्यांतल्या एकीला दोन वेण्या असतात, आणि हजेरी घेताना कुणाची जीभ अडखळत नाही. जर्मनीत मात्र हेच नाव मुलीला ठेवलं तेव्हा नोंदणी अधिकाऱ्यांचा जीव खालीवर झाला. या नावावरून मूल मुलगी आहे हे कळत नाही, तेव्हा जोडीला कळेल असं दुसरं नाव लावा, असा त्यांचा हट्ट. प्रकरण थेट तिथल्या घटनात्मक न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयाने आईवडिलांच्या बाजूने कौल दिला. आपली साधी, केसांना तेल लावून शाळेत जाणारी किरण. तिच्यासाठी एका देशाची राज्यघटना उघडावी लागली. पण तुम्हाला कोर्टकचेरीचा मान फुकटात हवा असेल तर किरणवर भागणार नाही. विक्रम, प्रताप, रणजित, इथून सुरुवात करा.

आणि काना लावू नका, एवढं मात्र पक्कं ध्यानात ठेवा. घरात कुणीतरी मवाळ माणूस असतंच, जे म्हणेल, "विजय नको, विजया ठेवू या की." ऐकू नका. विजय जिंकून येतो आणि विजया दारात निरांजन घेऊन उभी असते. फरक एका उभ्या रेघेचा. दीर्घ वेलांटीचंही तेच. मराठीतल्या मुलींचं या दोन चिन्हांनी जेवढं नुकसान केलंय, तेवढं कुणी केलं नसेल. अर्थात हे माझं मत झालं. व्याकरणवाल्यांचं वेगळं असू शकेल.

अर्थाचाही विचार करा. अर्थ जितका दणकट तितकं बरं. इटलीत आंद्रेआ हे परंपरेने पुरुषाचं नाव. मुळात ग्रीक, पुरुष या शब्दावरूनच आलेलं, म्हणजे थेट 'मर्दानी'. शेजारच्या देशांत आंद्रेआ नावाच्या बायका मजेत फिरत असताना इटलीतल्या एका मुलीसाठी हे नाव मान्य व्हायला २०१२ साल उजाडलं, तेही सर्वोच्च न्यायालयाकडून. हा न्याय लावला तर मराठीत 'पुरुषोत्तम'ला तोड नाही. पुरुषांत उत्तम. मुलीला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र ते काय द्यायचं? बायकांत उत्तम असण्याची स्पर्धा फार, शिवाय बक्षीसही बेताचंच.

आता अडचण येईल ती क्रियापदाची. इंग्रजीत नाव पुरुषी ठेवलं की बराच वेळ लपून राहता येतं. बंगालीत तर क्रियापदाला लिंगच नाही, तिथे चैन आहे. मराठी मात्र चहाडखोर भाषा. 'विक्रम' म्हणेपर्यंत सगळं ठीक, पुढे 'आली' म्हटलं की बिंग फुटलं. विक्रम झोपली. विक्रम रुसली. विक्रमने दूध सांडलं, इथे तेवढा दिलासा आहे, कारण क्रियापद दुधामागे जातं. म्हणून शक्य तितकी वाक्यं सांडलवंडीची करा. कुणी फारच हसलं तर संस्कृतचा दाखला द्या. संस्कृतात बायकोसाठी 'दार' असा शब्द आहे, तो पुल्लिंगी आणि वर नेहमी अनेकवचनी. 'कलत्र' म्हणजेही बायकोच, आणि ते नपुंसकलिंगी. ज्या भाषेत बायको एकाच वेळी अनेक पुरुष असू शकते, तिच्या लेकीबाळींनी विक्रमला का दचकावं?

पण दचकतात. तुमची लेक तिशीची झाली की तिचा फोन वाजेल:

"नमस्कार, विक्रम सर बोलतायत का?"

"बोलतेय."

"सरांशी बोलायचं होतं, मॅडम."

"मीच विक्रम."

पलीकडे शांतता. कागद उलटल्याचा आवाज.

"मॅडम, सर घरी कधी येतील?"

"सर घरातच आहेत. सर म्हणजे मी."

"बरं बरं. मग मिस्टरांचं नाव काय लावू?"

मिस्टरांचं नाव काहीही सांगितलं तरी अर्जदार म्हणून तेच चढतं, आणि विक्रम जाते 'सोबत'च्या रकान्यात. मिस्टरांचंही नाव विक्रमच निघालं तर काय, ही शंका रास्त आहे. त्यालाही पूर्वपीठिका आहे. इंग्रज लेखक एव्हलिन वॉ याने १९२८ साली लग्न केलं तेव्हा बायकोचंही नाव एव्हलिनच होतं. मित्रमंडळी एकाला 'तो एव्हलिन' आणि दुसरीला 'ती एव्हलिन' म्हणायची. दोन वर्षांत घटस्फोट झाला, पण तो काही नावापायी नव्हे.

एव्हलिन, अ‍ॅश्ली, लेस्ली, बेव्हर्ली ही सगळी एके काळी पुरुषांची नावं. मुलींच्या आईबापांनी ती हळूहळू उचलली, आणि मुलांच्या आईबापांनी ज्या वेगाने टाकली, तो वेग बघण्यासारखा आहे. जणू नावाला विटाळ झाला. परत घ्यायला सहसा कुणी येत नाही. मॅरियन मॉरिसन या मुलाचंच बघा. जन्म १९०७ चा. नाव मुलींचंही असायचं म्हणून पोरगं अवघडलेलं, शेवटी टोपणनाव पडलं ड्यूक. ते घरच्या कुत्र्याचं नाव होतं. पुढे चित्रपटवाल्यांनी जॉन वेन असं नाव दिलं आणि तो अमेरिकेचा सगळ्यांत रांगडा नायक झाला. कुत्र्याचं नाव चाललं, बाईचं नाही चाललं. बंगालचे मुख्यमंत्री राहिलेल्या ज्योती बसूंसारखं एखादं उदाहरण तुमच्या तोंडावर कुणी मारेलच, पण ते बंगालीत, वर सांगितलंच. तेव्हा माझा तुम्हाला लांब पल्ल्याचा सल्ला असा, की मुलींना एकेक करून सगळी पुरुषी नावं देऊन टाका. शंभरेक वर्षांत 'रणजित' कानाला इतकं कोवळं लागेल, की मुलांना ठेवायला नावच उरणार नाही.

सरकारी नियम आडवे आले तर खचू नका. आइसलँडमध्ये एका आईने मुलीचं नाव ब्लाइर ठेवलं. अर्थ वाऱ्याची झुळूक, शब्द पुल्लिंगी, म्हणजे आपला समीरच म्हणा ना. सरकारने नाव नाकारलं आणि कागदोपत्री तिची नोंद केली 'मुलगी' अशी. पंधरा वर्षं ती सरकारदरबारी नुसती 'मुलगी' होती. जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाने नाव मान्य केलं, आणि २०१९ च्या कायद्याने नावावरचं लिंगाचं बंधनच तिथे गेलं. ही बातमी वाचून मी बराच वेळ हसत होतो. मग आठवलं, की घरोघरी पाहुण्यांशी ओळख करून देताना मुलाचं नाव सांगतात, मार्क सांगतात, आणि मग हात हलवून म्हणतात, "आणि ही मुलगी." त्याला कुठला कायदा लागत नाही.

नाव ठेवून झालं की तुमचं काम संपलं. या योजनेची खरी गोडी इथेच आहे. बाकी काही म्हणजे काहीही बदलायचं नाही. संध्याकाळी सात वाजता गॅलरीत उभं राहून हाक मारा, "विक्रम, वर ये आता, मुलीची जात आहेस." नावाने मुलगा, घड्याळाने मुलगी. पाहुणे आले की, "विक्रम, पाणी आण." धाकटा भाऊ तेव्हा सोफ्यावर पाय पसरून बसलेला असेल, त्याला उठवू नका, त्याचा अभ्यास असतो. ती चांगले गुण घेऊन आली की पाठीवर थाप मारा आणि म्हणा, "ही मुलगी नाहीच, मुलगा आहे आमचा." नापास झाली तर तेव्हा पुन्हा मुलगी. आणि नाव ठेवणं वेगळं, नावावर करणं वेगळं, हा भेद कधी विसरू नका. मुलीचं नाव विक्रम ठेवा, दहा वेळा ठेवा. घर कुणाच्या नावावर करायचं, तो विषय तिच्यासमोर काढायचा नाही.

मोठी झाल्यावर ती एकदा विचारेल, "बाबा, माझं नाव विक्रम का ठेवलं?" तेव्हा वर पाठ केलेलं 'समानता' हे उत्तर लगेच द्या. वही तेवढी आधीच उचलून कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाका, तिला वाचता येतं.

टाकून मात्र देऊ नका. पुढच्या वेळी मुलगा झाला तर लागेल. त्याच्यासाठी आजीचं नाव कसं वाटतं, असं कुणी गमतीनेही म्हणालं तर त्याला घराबाहेर काढा. पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे, त्याला शाळेत जायचंय. डाव्या रकान्यातलं एकच नाव खर्च झालंय, तेरा कोरी आहेत.

आणि पुन्हा मुलगीच झाली तर उजवीकडे 'बघू' आहेच.