तिला परत पाठवू नका

मनाविरुद्धचं लग्न टाळायला मुलगी घरातनं निघाली की शोधायला अख्खी भावकी निघते. सुपारी फुटताना तिला विचारायला मात्र कुणाला सवड नसते. खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही जा, कारणं तीच. मामाला दिली की शेत घरात राहतं. मुलगा नोकरीवाला आहे. धाकटीचं अडून राहील.

गेल्या पावसाळ्यात एक पोरगी आमच्याकडं आली. सज्ञान. हळदीच्या आदल्या रात्री निघालेली, पिशवीत दहावीचं मार्कलिस्ट आणि आधार कार्ड. वडिलांनी हरवल्याची तक्रार दिलेली, म्हणून ती स्वतःहून ठाण्यात गेली. तिथं जबाब कन्नडमध्ये लिहून सही कर म्हणाले. तिला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. सोबतच्या ताईंनी वाचलं, तर शेवटची ओळ होती, ‘मी राजीखुशीने आईवडिलांसोबत जात आहे.’ ताई हटून बसल्या, तेव्हा तो कागद बदलला. याला आपल्याकडं ‘समजूत काढून घरी पाठवली’ म्हणतात! मला याची भयंकर चीड येते.

आणि हे आपल्या बेळगाव जिल्ह्यात व्हावं? सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल मुरगोड ठाण्यातल्या अशाच तक्रारीवरचा आहे. मुलीनं आपल्या पसंतीनं लग्न केलं होतं, तरी तपास अधिकारी तिला जबाबाला मुरगोडलाच ये म्हणत होता. न्यायालयानं गुन्हा रद्द केला आणि दोन सज्ञान माणसं राजी असली की घरच्यांची किंवा समाजाची संमती लागत नाही, असं स्वच्छ सांगितलं.

अठराच्या आतल्या मुलींची गोष्ट सीमेवर आणखी अवघड. कर्नाटकात २०१७ पासून बालविवाह मुळातच रद्दबातल ठरतो. मांडव कागल-चंदगडकडं हलवला, तर महाराष्ट्रात तो रद्द करून घ्यायला कोर्टात जावं लागतं. म्हणून लग्नाआधीच १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा.

लग्न लागून गेलं असलं तरी सगळं संपत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली जबरदस्तीचं लग्न रद्द होऊ शकतं. पण जबरदस्ती संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ‘जरा नांदून बघ’ म्हणणाऱ्या काकू-मावश्यांनी हे ध्यानात घ्यावं. नांदण्यात ते वर्ष जातं, आणि राजीखुशीनं नांदली असं ठरलं तर अर्जही टिकत नाही.

सज्ञान मुलींसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर आहेतच. पण आम्हाला आत्ता माणसं हवीत. मराठी आणि कन्नड दोन्ही वाचता येणाऱ्या, रात्री-अपरात्री ठाण्यात सोबत बसू शकणाऱ्या बायका. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कुणाला जमणार असेल तर मला मेसेज करा.