रानवाटेचा इतिहास लिहिताना घ्यावयाची काळजी

अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन ट्रेलचा इतिहास लिहायचं मनावर घेतलंत, फार बरं केलंत. जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून जाणारी सुमारे ३,५०० किलोमीटरची वाट, मजकुराला तोटा नाही. अडचण एवढीच की जुने कागद चाळायला बसलं की मधूनमधून बायका भेटतात. त्यांचं काय करायचं, हे जाणत्या माणसाकडून आधीच ऐकून घेतलेलं बरं.

आधी वाटेला बाप नेमून टाका. आई शोधत बसू नका, वेळ जातो. इथे बेंटन मकाय तयारच आहेत. ऑक्टोबर १९२१ मध्ये वास्तुविशारदांच्या एका नियतकालिकात लेख लिहून त्यांनी ही कल्पना मांडली. तुमचा इतिहास त्या ऑक्टोबरातच सुरू करा, मागे एप्रिलमध्ये डोकावू नका. एप्रिलमध्ये त्यांची पत्नी जेसी हार्डी स्टब्ज गेली. स्त्रियांच्या मताधिकारासाठी आणि युद्धाविरुद्ध झटणारी, स्वतःच्या कामाने ओळखली जाणारी बाई. तिच्या मृत्यूने खचलेले मकाय न्यू जर्सीत एका मित्राकडे जाऊन राहिले आणि तिथे त्या आराखड्याने आकार घेतला. हे सगळं सांगायचं म्हणजे एक अख्खा परिच्छेद गेला. त्यापेक्षा ‘वैयक्तिक आघातातून सावरत’ असं लिहावं. तीन शब्दांत काम होतं आणि आघाताला नावही द्यावं लागत नाही.

पश्चिमेच्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलबद्दल दोन ओळी घालणार असाल तर मात्र जपून. तिथले बाप क्लिंटन क्लार्क. १९३२ पासून त्यांनी त्या वाटेचा ध्यास घेतला, आणि तो खराच होता. पण जानेवारी १९२६ मध्ये जोसेफ हझार्ड नावाचे गिर्यारोहक पाठ्यपुस्तकं खपवायला वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमला गेले आणि तिथे कॅथरीन माँटगोमेरी या शिक्षिकेला भेटले. पुस्तकांची बोलणी आटोपल्यावर बाईंनीच त्यांची हजेरी घेतली. तुम्ही डोंगरवाली मंडळी काहीतरी मोठं का करत नाही? कॅनडाच्या सीमेपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत, डोंगरमाथ्यांवरून जाणारी, मैलांच्या खुणा आणि निवारे असलेली वाट का काढत नाही? हझार्डनी त्याच रात्री हे आपल्या मंडळींच्या कानावर घातलं, आणि पुढे प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं. असे प्रामाणिक पुरुष इतिहासकाराला फार त्रासाचे. यावर उपाय म्हणजे बाई ते ‘सहज बोलून गेल्या’ असं लिहायचं आणि ‘दूरदृष्टी’ क्लार्कसाठी राखून ठेवायची. मधल्या सहा वर्षांचा हिशेब सहसा कुणी मागत नाही.

आता फोटो निवडा. मायरन एव्हरी यांचा घ्या. अंतर मोजायचं सायकलचं चाक हातात धरलेला माणूस, मागे डोंगर. १९३१ पासून १९५२ पर्यंत ते वाटेच्या संघटनेचे अध्यक्ष होते आणि १९३६ पर्यंत त्यांनी सगळी वाट टप्प्याटप्प्याने पायाखाली घातली होती. माणूस कामाचा, वादच नाही. जीन स्टीफन्सन यांचा फोटो मात्र घेऊ नका. कारण काम करताना त्या दिसणार टेबलाशी, कागदांच्या ढिगामागे. त्या नौदल खात्यात नोकरीला होत्या. १९३९ मध्ये त्यांनी वाटेचं ‘अ‍ॅपलेशियन ट्रेलवे न्यूज’ हे नियतकालिक सुरू केलं आणि सुमारे पंचवीस वर्षं संपादलं. वाटेच्या मार्गदर्शिकाही त्यांच्या हाताखालून गेल्या. हे काम कसलं, ते वाचकाला कळू देऊ नका. कुठला ओढा ओलांडायचा, कुठे जंगलखात्याचा रस्ता सोडून डावीकडे चढायचं, पाणी किती अंतरावर, हे दक्षिणेकडून येणाऱ्यासाठी एकदा लिहायचं आणि उत्तरेकडून येणाऱ्यासाठी तेच पुन्हा उलटं. डाव्याचं उजवं, चढाचं उतार. वाट सलग झाली ऑगस्ट १९३७ मध्ये आणि पुढच्याच वर्षी सप्टेंबरातल्या चक्रीवादळाने न्यू इंग्लंडमध्ये तिच्यावर झाडं आडवी केली. वाट सरकली की मजकूर सरकला. वर्षानुवर्षं हे ज्यांनी निस्तरलं, त्यांच्यासाठी आपल्याकडे ‘मोलाचा हातभार’ आहेच. लग्नपत्रिकेपासून शोकसभेपर्यंत कुठेही चालतो.

एवढं करूनही एक बाई काही केल्या वगळता येत नाही. एमा गेटवूड. १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, ३ मेला जॉर्जियातून निघाली आणि २५ सप्टेंबरला मेनमधल्या कटाहडिन शिखरावर पोचली, एकटी. तिच्याबाबतीत वेगळी युक्ती लागते. तिला वगळू नका, तिला आजी करा. वर्तमानपत्रांनी हे काम तेव्हाच करून ठेवलंय. ‘ग्रँडमा गेटवूड’ म्हटलं की वाचक गालात हसतो आणि पुढे काही विचारत नाही. अकरा मुलं आणि तेवीस नातवंडं पहिल्याच ओळीत मोजून टाका. एव्हरींना मुलं किती, हे शोधायच्या फंदात पडू नका.

तिच्या झोळीवर हवं तेवढं लिहा, वाचकांना ती आवडते. डेनिमचं कापड घेऊन घरीच शिवलेली, पाठीवर दोन पट्ट्यांनी न अडकवता एका खांद्यावर टाकायची. आत घोंगडी, रेनकोट आणि पावसात आडोशाला न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. तंबू नाही, झोपायची पिशवी नाही. खायला मनुका, दाणे, डब्यातले सॉसेज, शिवाय वाटेत ओळखून खुडलेला रानमेवा आणि पाला. पायात कापडी केड्स बूट. या सगळ्याला ‘साधेपणा’ म्हणायचं, फार तर ‘काटकसर’. पुढे १९९० च्या दशकात लांबच्या वाटा चालणारे रे जार्डिन यांनी ओझं कमी करा, सामान घरी शिवा, जड बूट टाका असं सांगितलं. त्याला ‘तत्त्वज्ञान’ म्हणायचं. आज त्याच तत्त्वज्ञानावर बेतलेला ग्रॅम-ग्रॅम मोजून केलेला तंबू घ्यायचा तर महिन्याचं घरभाडं मोजावं लागतं. न्हाणीघरातल्या पडद्याची आठवण तिथे शोभणार नाही.

ती का चालली, यावर थांबू नका. अर्ल शेफर १९४८ मध्ये ही वाट एका दमात चालले. महायुद्धातून आले होते, जिवलग मित्र गमावला होता, ते दुःख चालून उतरवायचं होतं. याला कारण म्हणतात, त्याला दोन पानं द्या. एमाबाईंचा नवरा तिला मारायचा. दात पडेपर्यंत, बरगडी मोडेपर्यंत. जीव वाचवायला ती घरामागच्या रानात पळायची आणि रानातच तिला शांत वाटायचं. १९४१ मध्ये घटस्फोट झाला. हे लिहिलंत तर गालातलं हसू जातं. तिने वार्ताहरांना ‘मजा म्हणून निघाले’ असं सांगितलं होतं, तेच छापा. बाई स्वतःच म्हणते आहे, मग आपण कशाला खोलात शिरा!

१९५४ च्या पहिल्या प्रयत्नात मेनमध्ये ती वाट चुकली, चष्मा फुटला आणि वनरक्षकांनी तिला घरी जायला सांगितलं, हे मात्र जरूर लिहा. १९५५ नंतर तिने तीच वाट आणखी दोनदा पुरी केली आणि १९५९ मध्ये ऑरेगन ट्रेलचे सुमारे ३,२०० किलोमीटर चालली, हे जागा उरली तर.

राहिली मिल्ड्रेड नॉर्मन. हिने १९५२ मध्ये, एमाबाईंच्या तीन वर्षं आधी, एका हंगामात सगळी वाट चालून काढली. पण सोबत एक पुरुष होता, म्हणजे ते आपोआप बाद. (पुरुष सोबत्यांसह चालले तर ती मोहीम असते, तिथे हा नियम लावायचा नाही.) शिवाय १ जानेवारी १९५३ पासून तिने नावच टाकलं, अंगरख्यावर ‘पीस पिलग्रिम’ अशी अक्षरं लावली आणि १९८१ मध्ये मरेपर्यंत शांततेसाठी चालत राहिली. नाव तिनेच टाकल्यामुळे तुमच्याकडे बोट दाखवायला जागा नाही.

शेवटी विक्रमांचं प्रकरण. २०११ मध्ये जेनिफर फार डेव्हिस ही वाट ४६ दिवस ११ तास २० मिनिटांत पार करून गेली. तो बायकांमधला विक्रम नव्हता, त्या वाटेवरचा तोवरचा सगळ्यांत कमी वेळ होता. तिथे ‘महिला’ हा शब्द आधी घातलात की कुणाचा गैरसमज होणार नाही. नवरा ठिकठिकाणी खाणंपिणं घेऊन उभा असायचा, हे पहिल्याच वाक्यात येऊ द्या. २०१५ मध्ये स्कॉट जुरेक यांनी तो विक्रम तीन तासांच्या फरकाने मोडला. त्यांचीही बायको वाटभर गाडी घेऊन सोबत होती. ते तळटीपेत घाला.