‘पुढच्या वर्षी पोलीस येतील’

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, एकदा चिडून आणि एकदा चहा घेऊन. तुमचं म्हणणं असं, की महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या विरोधकांना मी सरसकट ‘तर्कदोष’ म्हणून निकालात काढलं. वारकऱ्यांनी आवाज उठवला नसता तर त्यांना सांभाळून घेणारं कलम आलंच नसतं.

यातलं अर्धं मान्य. मसुदा बदलला तो विरोधामुळेच. 2013च्या कायद्याचं बारावं कलम काढून बघा. यात्रा, हरिपाठ, कीर्तन, कान टोचणं, जैनांचं केशलोचन, मोहरमची मिरवणूक, इतकंच काय, नंदीबैलवाल्याचं भविष्यसुद्धा त्यात सुखरूप आहे! ‘कायद्यातला अमुक शब्द मोघम आहे, उद्या एखादा फौजदार वाटेल तो अर्थ लावील’ हा आक्षेप रास्तच होता. त्याला मी तर्कदोष म्हटलेलं नाही.

म्हटलं ते दुसऱ्याच गोष्टीला. त्या वर्षी आमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला एक काका प्रसादाचा द्रोण हातात धरून सांगत होते, “खाऊन घ्या, पुढच्या वर्षी पोलीस येतील.” मी विचारलं, कुठल्या कलमाखाली? “ते वकील बघतील. पण या लोकांचा डाव तोच आहे.” कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे बंदी असलेल्या कृत्यांच्या यादीत, मोजून बारा गोष्टी आहेत. भूत उतरवायच्या नावाखाली साखळीने बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणं, अशा. त्यात सत्यनारायण कुठून आला? नसलेलं कलम उभं करायचं आणि त्यालाच झोडपायचं, याला दुसरं काय म्हणू? (शिरा मात्र उत्तम झाला होता.)

‘आधी बाकीच्या धर्मांचं बघा’ या आक्षेपावर फार लिहीत नाही. साप चावलेल्याला अडवून ठेवणारा कुठल्या धर्माचा आहे, हे अनुसूची विचारत नाही.

तुमचा शेवटचा टोला मात्र बसला. ‘दाभोलकरांनी या कायद्यासाठी जीव दिला, आता तरी शंका काढू नका,’ असं मी लिहिलं होतं; हाही तर्कदोषच, हे तुमचं म्हणणं खरं. 20 ऑगस्ट 2013ला अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीच्या नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, काही दिवसांतच या कायद्याचा वटहुकूम निघाला. त्या खुनाने मारणाऱ्यांची लायकी कळते. कायद्यातला एखादा शब्द मोघम आहे की नाही, ते कसं कळणार? ज्या माणसाने जन्मभर लोकांकडे पुरावा मागितला, त्याच्या मरणालाच मी पुरावा करून टाकलं. ते वाक्य काल खोडलं. पुसलं नाही, आडवी रेघ मारून तिथेच ठेवलंय.